पाण्याने फोड येतात

मंगळवार, ता. ६

प्रिय ताई,

मोठ्यांना नमस्कार, बाळाला पापा, मालकांच्या गुडघ्यांची चौकशी, हे सगळं या एका ओळीत आलं असं समज. तुझं पत्र शनिवारी मिळालं, फ्रॉकही मिळाला. फोन करता आला असता हे खरं, पण बेकरीचा फोन गल्ल्यावर, सासऱ्यांच्या कोपराशी. अख्खं गाव त्यांना मालक म्हणतं आणि आपण सुनाही मालकच म्हणतो. त्यांच्या शेजारी उभी राहून तू "हो", "बरं", "सगळं ठीक" यापलीकडे जात नाहीस, मग मलाही हवापाण्याचं बोलून ठेवून द्यावं लागतं. त्यापेक्षा पत्र बरं. लिहिताना निदान मान वर करून कुणी आपल्याकडे बघत नाही.

फ्रॉक छान शिवलायस. ठकीला निळा आवडतो हे लक्षात ठेवलंस. बाह्या मात्र पार बोटांपर्यंत आल्यात. आधी वाटलं, माप चुकलं. मग म्हटलं, हिचं माप कधी चुकत नाही. चुण्या घालून, मनगटाला इलास्टिक लावून, हात पूर्ण झाकला जाईल असाच बेतलायस. ठकीने घातला आणि उजवी बाही लगेच वर सरकवली, तिला उकडतं. मी काही बोलले नाही. मी! आता बोल.

मावशीकडे आमचं बरं चाललंय. दोन खोल्या, खाली शिलाई मशिनं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, दिवसभर खडखड. मावशी सकाळी नोकरीला जाते ती संध्याकाळी उगवते. हॉस्पिटल चालत जाण्याइतकं जवळ, म्हणून तर इथे पथारी टाकली. हे दर रविवारी येतात. येताना आपला ब्रेड आणतात, ठकीचा हात हातात घेऊन एकेक बोट चाचपतात आणि म्हणतात, "सुधारतंय की." सुधारत नाहीये, ताई. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही तळहाताकडे वळलीत. जखम भरत जाईल तशी कातडी आणखी ओढून घेतेय. पुन्हा ऑपरेशन करायचं म्हणतात. मांडीची कातडी काढायची, तळहातावर लावायची आणि बोटं मोकळी करायची. होतील का मोकळी, असं डॉक्टरांना विचारलं. "बघू," म्हणाले. मालकसुद्धा पगारवाढ मागणाऱ्याला "बघू"च म्हणतात.

तू लिहिलंस, घर सुनं वाटतं, शाळा बुडतेय, मालक रोज विचारतात. शाळा बुडतेय खरी. ती डाव्या हाताने अक्षरं गिरवतेय. पान भरलं की स्वतःच फाडते आणि दुसरं घेते. हट्टी कुणावर गेली ते सांगायला नको.

आणि मी? मी पण शिकायला जाते! हसू नकोस. दर गुरुवारी दुपारी हॉस्पिटलच्या मागच्या हॉलमध्ये प्रथमोपचाराचा वर्ग भरतो. ठकीचं ड्रेसिंग करतात त्या सिस्टरच शिकवतात. एकदा मला म्हणाल्या, "बाहेर बाकावर बसून रडता, त्यापेक्षा आत बसून काहीतरी डोक्यात घाला." जीभ माझ्यासारखीच आहे, म्हणून आमचं जमलं. वर्गात एक न्हावी आहे, दोन कॉलेजच्या पोरी आहेत, एक निवृत्त हेडमास्तर आहेत. जमिनीवर एक रबरी बाहुला असतो, नुसता कमरेच्या वरचा. त्याचं हृदय बंद पडलंय असं समजून छातीवर दोन्ही हातांनी दाबायचं. हेडमास्तर दाबण्याआधी त्याला "माफ करा हं" म्हणतात. न्हावी म्हणाला, "सर, मरतोय तो, दाबा जोरात!" मी खदखदून हसले. मग माझी मलाच लाज वाटली.

एक बसचा ड्रायव्हरही येतो. त्याच्या गाडीत एक म्हातारे गृहस्थ कोसळले होते. गाडी खच्चून भरलेली. लोकांनी काय करावं? एकाने वारा घातला, एकाने बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतलं, दोघांनी फोन काढून शूटिंग केलं. बाकीचे "अरे कुणीतरी काहीतरी करा" म्हणत उभे. ड्रायव्हर सांगत होता, "मीसुद्धा तेच म्हणत होतो, ताई. कुणीतरी करा." तेव्हापासून तो एकही गुरुवार चुकवत नाही.

तू हे सगळं केलं असशीलच म्हणा. तू तर सर्टिफिकेटवाली. तपासणीला आलेला तो साहेब म्हणाला ना, भट्टी असलेल्या जागी एक तरी माणूस शिकलेला पाहिजे? मालकांनी सगळ्यांवर नजर फिरवली आणि तुला पाठवलं. तू कॉलेज केलेली, शिवाय तू नसलीस तरी भट्टी अडत नाही. दोन दिवस इस्त्रीचे कपडे घालून गेलीस. परत आलीस तेव्हा काय शिकलीस हे कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही. सर्टिफिकेट काचेत बसवून गल्ल्यामागे टांगलं, मालकांनी खिळा स्वतः ठोकला आणि म्हणाले, "चला, ते एक झंझट मिटलं."

भाजल्यावर काय करायचं हा धडा तुमच्याकडे कधी झाला गं? आमच्याकडे अगदी पहिल्या दिवशी झाला.

असो. बाळ आता रांगायला लागला असेल. त्याला भट्टीच्या खोलीत सोडू नकोस.

तुझी,
धाकटी


सोमवार, ता. १९

ताईस,

नमस्कार. पत्र पोचलं. चार पानं लिहिलीस. भाऊजींचा खोकला आहे, बाळाचे दात आहेत, शेजारच्या इमारतीचा रंग आहे. मी विचारलं होतं त्या धड्याबद्दल मात्र एक अक्षर नाही. आणि शेवटी लिहितेस, "जे व्हायचं ते झालं. त्या वेळी कुणाला काय माहीत होतं? कुणालाच काही माहीत नव्हतं. नशीब म्हणायचं आणि पुढे जायचं."

पुढे कुठे जायचं तेवढं सांग. मी निघतेच.

आपण सगळे लोकांना ते एका वाक्यात सांगतो. पाक सांडला आणि पोर भाजली. मीही इतके दिवस तसंच सांगत आले. ऐकणारा "अरेरे" म्हणतो आणि विषय बदलतो, सोयीचं पडतं. आज मी तुला सगळं लिहिणार आहे, तिथे तू होतीस तरी. वाचवत नसेल तर बाजूला ठेव, पण फाडू नकोस.

शाळेच्या संमेलनाची ऑर्डर होती. गोड बनचे ट्रे भट्टीतून निघत होते आणि त्यांच्यावर साखरेच्या पाकाचा ब्रश फिरवायचं काम आपल्या दोघींचं. मालक बाकावर बसून "हात चालवा, हात चालवा" करत होते. ठकी शाळेतून आली, दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि ओट्याशी येऊन बन मागायला हात पुढे केला. पातेलं नुकतंच उतरवलेलं. तिचा धक्का लागला आणि ते कलंडलं. तळहातापासून कोपरापर्यंत पाक. पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून बसतो आणि भाजत राहतो. हे तुला-मला कुणी सांगायला नको, आपल्या बोटांवर त्याचे डाग आहेत.

ती किंचाळली. मी तिला उचललं आणि हौदाकडे वळले. का वळले देव जाणे, आग लागली की माणूस पाण्याकडेच जातो. तेवढ्यात मालक उठले. ज्यांना खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागतात ते मालक एका झटक्यात उठले. "पाणी लावू नका! पाण्याने फोड येतात! पिठात घाला, पिठात!" आणि तिचं मनगट धरून हात मैद्याच्या पोत्यात कोपरापर्यंत खुपसला.

त्यांनी नवीन काय केलं? त्यांचे वडीलही तेच करायचे. आपल्या बेकरीत कामाला लागलेला प्रत्येक माणूस पहिल्या आठवड्यात तेच शिकतो. भाजलं की पीठ. मालकांच्या दोन्ही हातांवर पांढरट चट्टे आहेत आणि ते बाह्या वर करून लोकांना दाखवतात, "बघा, पिठाने कसं बरं झालं." बरा झालेला हात असा दिसतो का, असं आपल्यापैकी एकाने तरी कधी विचारलं? ते रडत होते गं. दुखऱ्या गुडघ्यांवर पोत्याशी बसून, तिच्या केसांवरून हात फिरवत "आत्ता थंड होईल हं माझी बाय, आत्ता थंड होईल" म्हणत होते. त्यांच्यावर धड चिडताही येत नाही. चिडता आलं असतं तर मी सुटले असते.

आणि मी काय करत होते? मी पोरीला मागून आवळून धरलं होतं, तिने हात बाहेर काढू नये म्हणून. ती "आई, काढ, काढ" म्हणत होती. मला वाटलं, जन्म भट्टीवर काढलेला माणूस, त्यांना कळत असणार. मला माहीत नव्हतं, ताई. शपथेवर सांगते, मला माहीत नव्हतं.

पाक आणि मैदा मिळून काय होतं ते बेकरीवाल्याच्या सुनेला सांगायला नको. तो गोळा हातावर घट्ट बसला आणि आतली धग आतच राहिली. हॉस्पिटलमध्ये तो खरवडून काढला. दाराला काच होती. मी काचेकडे पाठ केली, पण कान कुठे ठेवू?

वर्गातल्या पहिल्या दिवशी सिस्टरनी सांगितलं: भाजलं की लगेच वाहत्या गार पाण्याखाली धरायचं, चांगली वीस मिनिटं. अंगठ्या-बांगड्या काढायच्या. मग स्वच्छ कापड सैलसर गुंडाळायचं आणि दवाखाना गाठायचा. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, तेल नाही, पीठ तर नाहीच नाही. पाण्याने फोड येत नाहीत, फोड भाजल्याने येतात. संपला धडा. अगं, एवढंच! दुसरीतल्या पोरालाही एका दुपारी पाठ होईल एवढंच!

मी हात वर करून विचारलं, "पाक असेल तर?" म्हणाल्या, "तर पाण्याला आणखी घाई." मग मी विचारलं की लगेच पाणी मिळालं असतं तर बोटं अशी वळली नसती का. सिस्टर खोटं बोलत नाहीत. म्हणाल्या, "कदाचित नसती." हा कदाचित मी उशाला घेऊन झोपते.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. गेल्या पत्रात लिहिणार होते, जीभ रेटली नाही, आणि तुला वाटलं असेल की मला काही कळलेलं नाही.

आपल्या हौदाचा नळ सोडला की आधी खरखरतो आणि मग पत्र्यावर पाणी धाडकन पडतं. तो आवाज मी ऐकला होता. मालक ओरडायच्या आधी. नळाशी तू उभी होतीस. मी ठकीला उचलेपर्यंत तू नळ सोडलास, हात पुढे केलेस आणि "इकडे आण" एवढं म्हणालीससुद्धा. मग मालक ओरडले आणि त्यांनी तुझ्याकडे बघितलं. आणि नळ बंद झाल्याचाही आवाज मी ऐकला.

इतके दिवस मी स्वतःची समजूत घालत होते. म्हटलं, तीही माझ्यासारखीच घाबरली, सुचेल ते केलं, पाणी सुचलं, पीठ ऐकलं, गोंधळली. वर्गात बसले आणि ती समजूत पार गळून पडली. तुला सुचलं नव्हतं. तुला शिकवलं होतं. त्या अख्ख्या घरात एकट्या तुला शिकवलेलं होतं. आणि तू मला लिहितेस की कुणालाच काही माहीत नव्हतं!

याचं उत्तर देणार असशील तर पत्र पाठव. बाळाच्या दातांचं नको.

धाकटी


शुक्रवार, ता. ९

जाऊबाईंस,

ऑपरेशन झालं. मधलं बोट सुटलं, पूर्ण नाही, पण पेला धरता येईल इतकं उघडतं. शेजारचं सुटलं नाही. वाढत्या वयाचं शरीर आहे, हाड वाढेल, लावलेली कातडी वाढणार नाही, म्हणून हे पुन्हा पुन्हा करावं लागेल असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे दर काही वर्षांनी तिला भूल द्यायची आणि मी बाहेर बाकावर बसायचं. मालकांना सांग, बेत पक्का आहे.

तुझं पत्र मिळालं. या वेळी एकच पान, आणि पहिल्यांदाच त्यात तू होतीस. लिहिलंस, "हो, मी नळ सोडला होता. त्यांनी बघितलं आणि माझा हात आपोआप फिरला. मला वाटलं, मीच चुकत असेन. मी दोन दिवस शिकलेली, त्यांचा जन्म भट्टीवर गेला. या घरात आल्यापासून मी त्यांच्यापुढे एक शब्द उलट बोलले नाही, तो त्या दिवशी कुठून आणू?" आणि खाली, बारीक अक्षरात, "हे तुझ्या भाऊजींना सांगू नकोस."

नाही सांगत. सांगून काय होणार? ते हातातला चहा खाली ठेवतील आणि भट्टीकडे निघून जातील.

तुझा शब्द न् शब्द मला खरा वाटतो. तीच पंचाईत आहे. खोटं वाटलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. मीही त्या घरात नांदलेय. मालकांनी मान वर केली की भाऊजींसारखा धिप्पाड माणूस अर्धा होतो, हे मी रोज बघितलंय. तुझं तोंड का उघडलं नाही हे मला नीट कळतं. पण कळलं म्हणून माफ होत नाही, बाई. ती दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं मला जमेल असं दिसत नाही.

रागाने लिहितेय, पण डोकं ठिकाणावर आहे. आधी सगळा राग तुझ्यावर होता. आता तो पसरलाय, माझ्यावरसुद्धा आलाय. आपण काय केलं बघ. एवढ्या माणसांच्या घरात, एवढ्या माणसांच्या बेकरीत, एकच माणूस शिकवला. आणि तोही कोण, तर ज्याच्या तोंडाला कुलूप. एकीने शिकायचं, बाकीच्यांनी भिंतीकडे बोट दाखवून हात झटकायचे! मला माहीत असतं तर मी मालकांच्या हातून पोर हिसकावली असती, मग मला घराबाहेर काढलं असतं तरी बेहत्तर. तू मला ओळखतेस. आवाज ऐकून हे भट्टीवरून धावत आले होते. त्यांना माहीत असतं तरी झालं असतं. ठकीला स्वतःला माहीत असतं तर ती कुणाचं ऐकायला थांबली नसती, तिथल्या तिथे हौदात उतरली असती. आणि मालकांना माहीत असतं तर? त्या दिवशी त्यांच्याइतकं चटकन कुणीच हललं नाही. तेवढी घाई, तेवढी माया, सगळी त्या पोत्यात गेली.

शिकलेला एकच असला की तो घाबरतो. दहा जण शिकलेले असले तर एखादा तरी ओरडतोच. सिस्टर हेच म्हणतात, पण त्या सौम्य शब्दांत म्हणतात.

आणि तुला वाटत असेल, झाली ती अद्दल पुरे आहे, आता सगळे शहाणे झालेत. गेल्या रविवारी ह्यांनी सांगितलं. ट्रे उचलणाऱ्या बाईचं मनगट भट्टीच्या दाराला लागलं. मालकांनी बसल्या जागेवरून पोत्याकडे बोट दाखवलं आणि ती गेली पिठात हात घालायला. माझ्या पोरीचा हात अजून बांधलेला आहे, आणि तिकडे पोतं तिथेच आहे! मी विचारलं, "जाऊबाई कुठे होत्या?" म्हणाले, गल्ल्यावर, बिलं करत होत्या. "आणि तुम्ही?"

मी उठले, यांना मोरीशी नेलं, नळ सोडला आणि त्यांचं मनगट पाण्याखाली धरलं. म्हटलं, "असं. एवढंच असतं." ते हात काढेनात. बराच वेळ तसेच उभे होते, मग रडले. लग्न झाल्यापासून मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. ठकी दारातून बघत होती. म्हणाली, "बाबा, अजून वेळ व्हायचाय, काढू नका."

तू विचारलंस, कधी येणार. ऐक. सिस्टर तिकडे यायला तयार आहेत. बेकरी एक दुपार बंद ठेवायची. सगळ्यांनी बसायचं, भट्टीवाल्यांनी, ट्रेवाल्या बाईने, भाऊजींनी, आणि मालकांनी अगदी पुढे. सुरुवात सिस्टर करणार नाहीत, तू करायचीस. उभं राहायचं आणि मालकांकडे बघून मोठ्याने म्हणायचं, "पीठ नाही, पाणी." तीन शब्द आहेत. पुढचं सगळं सिस्टर सांगतील. ते चिडतील, कदाचित उठून जातील, दोन दिवस जेवणार नाहीत. जेवतील तिसऱ्या दिवशी. ते वाईट नाहीत, त्यांना आजवर कुणी सांगितलं नाही, एवढंच.

जमणार नसेल तर तसं कळव. आणखी राग धरणार नाही, आहे तोच पुष्कळ आहे. पण मग मी ठकीला घेऊन त्या घरात येणार नाही. ह्यांना तसं सांगितलंय. तुझा बाळ तिथेच वाढणार आहे, त्याचा विचार तू कर.

एक राहिलं. लिहावं की नाही असं दोन दिवस चाललं होतं.

ठकी वर्गात माझ्या शेजारी बसते. गेल्या आठवड्यात नवीन माणसं आली म्हणून सिस्टरनी भाजल्याचा धडा पुन्हा घेतला. ठकीने तो पहिल्यांदाच ऐकला. घरी येताना ती जिन्यात थांबली आणि म्हणाली, "आजोबांना माहीत नव्हतं ना?" म्हटलं, नव्हतं. "बाबांना?" नव्हतं. "तुला?" मलाही नव्हतं गं राणी. मग म्हणाली, "पण काकूला तर शिकवलं होतं ना? ती गेली होती ना शिकायला?"

माझी एवढी लांब जीभ, टाळूला चिकटली. मी म्हटलं, "काकूच्या वर्गात तो धडा राहून गेला होता." तिला ते लगेच पटलं. तुझ्याबद्दलचं काहीही तिला लगेच पटतं. म्हणाली, "मग काकूला आपण शिकवू या. ती पटकन शिकते."

हे खोटं मी तुझ्यासाठी बोलले नाही. तुला वाचवावं असं माझ्या मनात आजही येत नाही. ती तुझ्या मांडीवर झोपायला भांडणारी पोर आहे. हात गेला तो गेला, पण आपल्या माणसाला माहीत होतं आणि तरी ते गप्प बसलं, हे या वयात तिला कळू नये म्हणून बोलले. ती मोठी होईल, तेव्हा तिला आपोआप समजेल की तो धडा कुणाच्याच वर्गात राहून जात नसतो. त्या दिवशी ती माझ्याकडे येऊन विचारेल. तोवर तू मालकांपुढे ते तीन शब्द बोललेली असलीस, तर मला तिला सांगायला काहीतरी असेल. नाहीतर जे झालं तेवढंच सांगेन.

ठकीची आई